एकसष्टाची वर्गप्रकृती

साहित्याच्या मासिकात संख्येविषयीचा लेख दिसला की पुष्कळ वाचक पान उलटतात, हे मी गृहीत धरूनच लिहावयास बसलो आहे. ज्यांनी पान उलटले नाही त्यांस ती संख्या प्रथमच सांगून टाकतो : १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. ही आकाशातील ताऱ्यांची मोजदाद नव्हे, की एखाद्या साम्राज्याचा वसूलही नव्हे. शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी आपल्या वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचिला. त्यातील बीजगणिताच्या भागात एका ओळीत मावणाऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही संख्या येते. पुढे पाचशे सात वर्षांनी फ्रान्समधील एका न्यायाधीशाने नेमका तोच प्रश्न, तेच आकडे घालून, आपल्या एका विद्वान स्नेह्यास कोडे म्हणून पाठविला. तो पूर्वी कोठे सुटलेला आहे याची वार्ता घालणाऱ्यासही नव्हती आणि सोडविणाऱ्यांसही नव्हती.

मलाही ती फार उशिरा लागली, हे येथेच कबूल करतो. विद्यार्थिदशेत हे समीकरण मी एका इंग्रजी पाठ्यपुस्तकातून शिकलो. तेथे त्याचे नाव ‘पेलचे समीकरण’ असे होते, आणि त्याच नावाने मी ते पुढे अनेक वर्षे शिकवीत आलो. एके वर्षी बी.एस्‌सी.च्या वर्गात चाळीसगावकडील एक मुलगा उठून म्हणाला, “सर, हे पेल कोण?” मला ते ठाऊक नव्हते, एक इंग्रज गणिती, एवढेच मी सांगितले. तो खाली बसला नाही. आमच्या गावाजवळ भास्कराचार्यांचा मठ होता म्हणतात, त्यांनी असे काही केले होते का, असे त्याने विचारले. मी हसून म्हणालो, “ते लीलावतीवाले. व्याज-बट्टा आणि हंस-मोर यांची गणिते त्यांची. हे फार पुढचे आहे.” वर्ग हसला. मुलगा खाली बसला. त्या हसण्याचा हिशेब मी पुढे करणारच आहे. तूर्त प्रश्नाकडे वळू.

प्रश्न असा. एखादी संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, त्यास ६१ ने गुणावे आणि गुणाकारात एक मिळवावा. जे येईल ते पुन्हा पूर्ण वर्ग असावे. अपूर्णांक चालणार नाहीत. अशी संख्या कोणती?

एकसष्टाच्या शेजाऱ्यांना हाच प्रश्न विचारून पाहा. साठाला उत्तर चार : चाराचा वर्ग सोळा, साठाने गुणता ९६०, एक मिळविता ९६१, आणि तो एकतिसाचा वर्ग. बासष्टाला उत्तर आठ : चौसष्ट गुणिले बासष्ट ३९६८, एक मिळविता ३९६९, हा त्रेसष्टाचा वर्ग. त्रेसष्टाला तर एक हेच उत्तर पुरते. शाळकरी मुलाने पाटीवर करावे असे हे काम. तेव्हा साठ आणि बासष्ट या दोन सज्जनांच्या मध्ये बसलेला एकसष्टही तसाच निघेल, असे कोणालाही वाटावे. एक घेऊन पाहावे, येतात ६२. दोन घ्यावे, २४५. तीन घ्यावे, ५५०. चार घ्यावे, ९७७. यांपैकी एकही वर्ग नाही. शंभरापर्यंत जावे, लाखापर्यंत जावे. वर्ग येतच नाही. तो प्रथम येतो तो २२,६१,५३,९८० या संख्येपाशी, आणि तेव्हा जे वर्गमूळ मिळते तेच १,७६,६३,१९,०४९.

म्हणजे किती दूर? समजा, एखादा चिकाटीचा गणक दर मिनिटास एक संख्या तपासतो, आणि जेवण-झोप सोडून रात्रंदिवस तपासतो. त्याला या उत्तरापर्यंत पोचावयास चारशे तीस वर्षे लागतील. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये अशी सुरुवात केली असती तर १५८० मध्ये, विजयनगर लयास जाऊन पंधरा वर्षे झाल्यावर, ते उत्तराला पोचले असते. (या बावीस कोटींच्या संख्येत ‘एकसष्ट लाख’ आलेले पाहून कोणी चमकेल. तो निव्वळ योगायोग आहे. संख्यांच्या अंगावर असे तीळ पुष्कळ असतात आणि त्यांवरून भविष्य सांगणारेही पुष्कळ असतात.)

ही संख्या चाचपडून सापडणारी नव्हे, हा मुद्दा वाचकांनी मनात धरून ठेवावा. पुढील सर्व वादात मला त्याचाच आधार आहे.

आता ती सापडली कशी? या प्रकारच्या प्रश्नास आपल्या शास्त्रकारांनी ‘वर्गप्रकृती’ म्हटले आहे. ज्याने गुणावयाचे तो ६१ म्हणजे प्रकृती. ज्या संख्येचा वर्ग करावयाचा ती कनिष्ठ. शेवटी येणारे वर्गमूळ ते ज्येष्ठ. आणि जे मिळवावयाचे तो क्षेप. क्षेप धन असेल किंवा ऋण असेल. या शास्त्राचा पाया ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त घातला. त्याच्या ध्यानात असे आले की, एकाच प्रकृतीच्या कनिष्ठ-ज्येष्ठांच्या दोन जोड्या हाती असल्या तर त्यांपासून तिसरी जोडी घडविता येते. पहिलीचे कनिष्ठ आणि दुसरीचे ज्येष्ठ यांचा गुणाकार करावा, दुसरीचे कनिष्ठ आणि पहिलीचे ज्येष्ठ यांचाही करावा, आणि दोहोंची बेरीज घ्यावी. ते नवे कनिष्ठ. दोन ज्येष्ठांचा गुणाकार, त्यात प्रकृतीने गुणिलेला कनिष्ठांचा गुणाकार मिळविला म्हणजे नवे ज्येष्ठ. आणि क्षेप? दोन क्षेपांचा गुणाकार. या क्रियेस ‘भावना’ असे मोठे सुंदर नाव आहे. वैद्य औषधाला वनस्पतीच्या रसाची भावना देतो, तशी एका जोडीला दुसरीची भावना द्यावयाची आणि गुण वाढवावयाचा. ब्रह्मगुप्ताला या शोधाचा अभिमानही तेवढाच होता. ९२ या प्रकृतीचे उत्तर जो वर्षभरात काढील तो गणक, असे त्याने म्हणून ठेवले आहे. त्याचे उत्तर कनिष्ठ १२०, ज्येष्ठ ११५१.

परंतु भावनेने पुढे जावयाचे तर आरंभी सोयीचा क्षेप हाती लागावा लागतो. एक, दोन किंवा चार असा क्षेप मिळाला तर ब्रह्मगुप्त पुढचा मार्ग दाखवितो; न मिळाला तर गणक आपल्या दैवावर. हे दैव ज्या युक्तीने दूर केले ती ‘चक्रवाल’. हाती आलेली जोडी चाकावर घालावी, क्षेप लहान होईल अशा बेताने फिरवावी, नवी जोडी निघेल. ती पुन्हा त्याच चाकावर घालावी, आणि सोयीचा क्षेप येईपर्यंत फिरवीत राहावे.

एकसष्टाचे चाक एकदा आपणच फिरवून पाहू. आकड्यांचा कंटाळा येणाऱ्यांनी पुढील दोन परिच्छेद ओलांडले तरी कथाभाग तुटणार नाही. आरंभी कनिष्ठ एक घेऊ. एकाचा वर्ग गुणिले एकसष्ट म्हणजे एकसष्टच. त्यात तीन मिळविले की चौसष्ट, म्हणजे आठाचा वर्ग. तेव्हा कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता असा एक गुणक हवा की कनिष्ठास त्याने गुणून त्यात ज्येष्ठ मिळविले असता बेरीज क्षेपाने, म्हणजे तिहींनी, निःशेष भागली जावी. शिवाय गुणकाचा वर्ग एकसष्टाच्या शक्य तेवढा जवळ असावा. सात हा तो गुणक. सात अधिक आठ पंधरा, भागिले तीन पाच. हे नवे कनिष्ठ. साताचा वर्ग एकोणपन्नास एकसष्टाहून बाराने उणा; बारा भागिले तीन चार; म्हणून नवा क्षेप ऋण चार. ताळा पाहू : पाचाचा वर्ग पंचवीस, गुणिले एकसष्ट १५२५, वजा चार १५२१, आणि हा बरोबर एकोणचाळिसाचा वर्ग. चाक एकदाच फिरले आणि ब्रह्मगुप्ताचा चार हाती लागला.

येथून पुढे भावना. कनिष्ठ-ज्येष्ठ दोहोंची निमपट केली की क्षेप ऋण चाराचा ऋण एक होतो. जोडी अपूर्णांकांची बनते, पण ती तात्पुरती. तिला तिचीच भावना दिली, आणि आलेल्या जोडीस पुन्हा मूळ जोडीची दिली, की अपूर्णांक गळून पडतात आणि कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८, क्षेप ऋण एक अशी नितळ जोडी मिळते. तिला एकवार स्वतःचीच भावना दिली की क्षेप धन एक होतो, कनिष्ठ २२,६१,५३,९८० येते आणि ज्येष्ठ आपली संख्या. परीक्षेच्या पर्यवेक्षणास बसलो असता एका कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर हा सर्व हिशेब मी केला आहे. पाऊण तास लागला, आणि त्यातील निम्मा वेळ माझ्याच गुणाकारातील चूक शोधण्यात गेला. चारशे तीस वर्षांचे काम एका पानावर मावले.

ज्या रीतीने ही संख्या जन्मली तिच्या खुणा तिच्या अंगावर राहिल्या आहेत. तिच्यातून एक वजा करावा. जे उरते ते २९७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट. तिच्यात एक मिळवावा. जे होते ते ३८०५ च्या वर्गाची बरोबर एकशेबावीस पट, म्हणजे एकसष्टाच्या दुपटीने गुणिलेला वर्ग. दोन्ही शेजारी आपापल्या परीने वर्गांचे आप्त, आणि मध्ये ही. शिवाय तिला तिच्या कनिष्ठाने भागले असता एकसष्टाचे वर्गमूळ दशांशचिन्हापुढे सतरा स्थळांपर्यंत अचूक मिळते. एकसष्टाचे वर्गमूळ पुरते कधीच लिहून होत नाही. पण इतक्या आकड्यांत त्याच्या इतक्या जवळ जाणारा अपूर्णांक पाहिला की वर्गप्रकृती हा रिकामपणाचा खेळ नव्हता हे ध्यानात येते.

१६५७ सालच्या फेब्रुवारीत प्येर द फर्मा याने फ्रेनिक्ल या गृहस्थास एक पत्र लिहिले. फर्मा तुलूझच्या न्यायालयात अधिकारी होता. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद, पण त्या छंदात त्याच्या तोडीचा माणूस त्या काळच्या यूरोपात विरळा होता. पत्रात त्याने हाच प्रश्न घातला आणि उदाहरणादाखल ६१ व १०९ या दोन संख्या दिल्या. फार श्रम पडू नयेत म्हणून लहान संख्या निवडल्या आहेत, अशी मखलाशीही वर केली. ती थट्टा फर्माला शोभणारीच होती. १०९ चे ज्येष्ठ पंधरा अंकी आहे. आणि ६१? शंभराच्या आतील सर्व संख्यांत जिचे लघुतम उत्तर सर्वांहून प्रचंड आहे ती हीच. फर्माने ती सहजगत्या उचलली असे म्हणवत नाही. रस्त्यात खड्डा कोठे आहे हे ठाऊक असणारा माणूसच दुसऱ्याला नेमका तेथून चालावयास सांगतो. भास्कराचार्यांनी चक्रवालाची उदाहरणे म्हणून दोनच प्रकृती घेतल्या, ६७ आणि ६१. सदुसष्टाचे ज्येष्ठ पाच अंकांत आटोपते. त्याच्या शेजारी हा दहा अंकी राक्षस बसविला आहे. तेव्हा तोच खड्डा आमच्या आचार्यांसही ठाऊक होता, असे अनुमान मी करतो.

हे आव्हान इंग्लंडात पोचले तेव्हा ऑक्सफर्डचा वॉलिस आणि पुढे रॉयल सोसायटीचा पहिला अध्यक्ष झालेला लॉर्ड ब्राउंकर यांनी ते उचलले. प्रथम त्यांनी अपूर्णांकांत उत्तरे देऊन टाकली. तशी उत्तरे कोणीही देईल, असे म्हणून फर्माने नाक मुरडले. मग त्यांनी पूर्णांकांची रीत शोधून काढली. तो सारा पत्रव्यवहार वॉलिसने १६५८ मध्ये छापिला. यात पेल कोठे आला? पेल यात नव्हता. पुढील शतकात ऑयलरने ही रीत पेलच्या नावे सांगितली, आणि ऑयलरसारख्याने एकदा म्हटल्यावर ते नाव चिकटले ते चिकटलेच. शास्त्रात चुकीच्या नावांचे आयुष्य खऱ्या नावांहून पुष्कळदा अधिक असते.

येथे इतिहासातील एक विलक्षण गोष्ट सांगावीशी वाटते. फर्माचे पत्र निघण्यापूर्वी तेवीस वर्षे, १६३४ मध्ये, भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चा फारसी तर्जुमा झाला होता. तो करणारा अताउल्ला रशीदी. ताजमहालाचा स्थपती म्हणून ज्याचे नाव घेतात त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा पुत्र. ग्रंथ शहाजहान बादशहास अर्पण केलेला. सुरतेस इंग्रजांची वखार तेव्हा कधीच थाटली होती, नीळ आणि कापड भरभरून जात होते, आणि फर्माच्या पत्रानंतर थोड्याच काळात फ्रेंच वैद्य बर्निये मोगल दरबारी येऊन राहिला. माल गेला, प्रवासवृत्ते गेली. एकसष्टाचे उत्तर मात्र जहाजावर चढले नाही. ते इंग्रजीत आले १८१३ मध्ये, स्ट्रेचीने त्या फारसी तर्जुम्यावरून केलेल्या पुस्तकात. आणि मूळ संस्कृतावरून कोलब्रुकने केलेले भाषांतर १८१७ मध्ये लंडनास छापले गेले. तोपर्यंत फर्मा, ऑयलर, लग्रांज सर्व होऊन गेले होते.

कोलब्रुकच्या ग्रंथाने यूरोपात दोन पंथ निर्माण केले. हांकेल या जर्मन पंडिताने १८७४ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात मुक्तकंठाने लिहिले की, लग्रांजपूर्वी संख्याशास्त्रात जे काही साधले गेले त्यात चक्रवालाइतके सुंदर दुसरे काही नाही. दुसरा पंथ म्हणे, हे मुळात ग्रीकांचेच असले पाहिजे. ग्रंथ लुप्त झाले, धागा तेवढा हिंदुस्थानात उरला. विसाव्या शतकाच्या आरंभी के या इंग्रज लेखकाने हिंदी गणितावर पुस्तके लिहून हेच मत हिरिरीने मांडले. आर्किमिडीजच्या नावावर असलेले गुरांच्या कळपाचे कोडे याच जातीच्या समीकरणापाशी येऊन ठेपते, हे खरे आहे. पण प्रश्न विचारणे निराळे आणि रीत देणे निराळे. त्या कोड्याच्या उत्तराचे अंक दोन लाखांहून अधिक. ते समग्र प्रथम काढले गेले १९६५ मध्ये, तेही गणकयंत्राच्या साह्याने. ग्रीकांच्या उपलब्ध ग्रंथांत पूर्णांकांची ही रीत कोठेही नाही. जो ग्रंथ कोणी पाहिला नाही तो पुराव्यात घेण्यास आमचे तालुका न्यायालयही तयार होणार नाही. उलट येथे एक संख्या उभी आहे, आणि ती रीतीवाचून हाती येत नाही. तिच्याजवळ पायऱ्याही लिहिलेल्या आहेत : आठ, पाच, एकोणचाळीस, तीन हजार आठशे पाच. याहून बोलका साक्षीदार मला माहीत नाही.

मात्र साक्षीदार आमच्या बाजूचा निघाला म्हणजे उलटतपासणी करू नये असे नाही. ‘सर्व काही आमच्याकडे होते’ असे सांगणारी व्याख्याने अलीकडे पुष्कळ ऐकू येतात. अशा एका सभेत या संख्येचा जयजयकार झालेला मी ऐकला आहे, आणि वक्त्याने ती सांगताना तिचे दोन अंक उलटसुलट केले हेही मला ऐकावे लागले. त्यांच्या आणि के साहेबांच्या पद्धतीत मला फारसा भेद दिसत नाही. दोघांनीही उत्तर आधी ठरविलेले असते.

खरी गोष्ट अशी की, चक्रवालाचे पहिले श्रेय भास्कराचार्यांचेही नव्हे. लखनौचे कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की, १०७३ मध्ये लिहिलेल्या उदयदिवाकराच्या टीकेत जयदेव नावाच्या आचार्याची वचने उद्धृत केली आहेत आणि त्यांत चक्रवालाची रीत संपूर्ण आहे. हा जयदेव कोण, कोठला, याचा पत्ता नाही. ग्रंथ गेला, वीसएक श्लोक राहिले. भास्कराचार्यांनीही ही रीत माझी असे म्हटलेले नाही. लोक हिला चक्रवाल म्हणतात, असे ते सांगतात. आम्हीच त्यांच्यावर त्यांनी न मागितलेली पदवी लादली, आणि ते करताना जयदेवास विसरलो. पेलचे नाव चिकटविणाऱ्या ऑयलरवर रागावण्याचा आमचा हक्क तेवढा कमी झाला, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चाक फिरविले की उत्तर येते, हे झाले. पण दर वेळी येईलच कशावरून? अशी एखादी प्रकृती नसेल कशावरून, की जिचे चाक युगान्तापर्यंत फिरत राहील आणि एक कधी येणारच नाही? १६०० च्या सुमारास कृष्णदैवज्ञाने ‘बीजगणिता’वर मोठी टीका लिहिली, याचे घराणे मूळचे विदर्भातील. त्याने प्रत्येक पायरीची उपपत्ती दिली आहे, आणि ती वाचताना आमच्याकडे सिद्धता नव्हतीच असे म्हणणारांचे तोंड बंद होते. तथापि चाक थांबतेच, याची सिद्धता तेथेही नाही. वर्ग नसलेल्या प्रत्येक प्रकृतीला उत्तर असतेच, हे प्रथम सिद्ध केले लग्रांजने, १७६८ च्या सुमारास, आणि ते काम फर्माच्याही हातून लेखी झालेले नव्हते. चक्रवाल स्वतः नेहमी थांबते, याची सिद्धता दिली म्हैसूरचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी, १९२९-३० मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात. (इंग्रजी कवी आणि कन्नडचे भाषांतरकार ए. के. रामानुजन् यांचे हे वडील. साहित्याच्या वाचकांस एवढे तरी नाते सांगता आले.) ‘सिद्धान्तशिरोमणी’पासून मोजले तर मध्ये पावणेआठशे वर्षे गेली. भास्कराचार्यांची थोरवी याने उणी होत नाही. पण जो म्हणेल की आम्हाला लग्रांजची गरज नव्हती, त्याला मी विचारीन की मग ती पावणेआठशे वर्षे कोणाच्या खाती मांडावयाची?

हे सर्व वाचून झाल्यावर मी पाटणास गेलो. चाळीसगावाहून पाच-सहा कोसांवर, डोंगराच्या कुशीत हे स्थान आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी. आपल्या आजोबांचे आणि घराण्यातील इतरांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने येथे मठ स्थापिला, आणि १२०७ मध्ये निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास देणगी दिली. देवीच्या देवळातील हा शिलालेख भाऊ दाजींनी १८६५ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पूर्वी संस्कृत शिकविणाऱ्या कीलहॉर्नने १८९२ मध्ये तो संपादून छापिला. आजोबांची स्तुती संस्कृत श्लोकांत आहे. शेवटच्या ओळी मात्र तत्कालीन मराठीत आहेत, कारण त्या पैशांच्या आहेत : पाटणच्या पेठेत विकावयास येणाऱ्या मालावरील राजाचा कर मठास दिला आहे, आणि चालत्या घाण्यांमागे तेल लावून दिले आहे. वर्गप्रकृतीच्या अभ्यासाचा खर्च खानदेशातील तेल्यांनी आणि गिऱ्हाइकांनी सोसला, आणि ते ज्या भाषेत नोंदले गेले ती भाषा त्यांना समजणारी होती, ही गोष्ट मला स्तुतीच्या श्लोकांहून अधिक मोलाची वाटली.

परतताना मी त्या मुलाचे गाव शोधले. तो आता मुलगा राहिलेला नव्हता. सुरतेस कापडाच्या धंद्यात नोकरीला होता. घरी थोरला भाऊ भेटला. त्याने चहा दिला, आणि “तुम्हीच का ते गणिताचे सर?” एवढेच विचारले. त्या प्रश्नात काय काय होते हे मी ताडण्याचा प्रयत्न केला नाही. एकसष्टाचा हिशेब एका कागदावर स्वच्छ लिहून, वर ‘वर्गप्रकृती’ असा मथळा घालून आणि खाली वर्गातील माझे शब्द मागे घेतो असे लिहून, तो मी त्याच्याजवळ ठेवून आलो.

दीड महिन्याने सुरतेहून पाकीट आले. आत सदुसष्टाचा हिशेब होता. आरंभ कनिष्ठ एक, ज्येष्ठ आठ, क्षेप ऋण तीन येथून केलेला, आणि शेवट कनिष्ठ ५९६७, ज्येष्ठ ४८८४२ येथे. मी ताळा पाहिला, बरोबर होता. खाली एकच ओळ होती : सर, हे चाक दर वेळी थांबतेच कशावरून? अय्यंगारांच्या लेखाची प्रत मी त्याला पाठविली आहे. तो इंग्रजीत आहे आणि अवघड आहे, म्हणून त्याचा मराठी सारांश सोबत लिहून देत आहे. तो अजून पुरा झालेला नाही.